वादीने मान हलवली

माझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी सगळ्या कोर्टाने ऐकली, मी सोडून. न्यायाधीशांनी डोळे घट्ट मिटले, टाइप करणाऱ्या बाईंनी दोन्ही कान झाकले, मागच्या बाकावरचा एक माणूस उठून दाराबाहेर डोकावून आला. मी मात्र आपली सरळ उभी. असल्या बारीक, उंच आवाजांशी माझा संबंध केव्हाच तुटला होता. समोरच्यांची तोंडं वेडीवाकडी झाली की मी समजायचे, यंत्र ओरडायला लागलं.

यंत्र मोठ्या कंपनीचं होतं. टीव्हीवर त्यांची जाहिरात लागते. पांढऱ्या केसांची एक बाई बागेत बसून नातवाची कुजबूज ऐकते आणि गालातल्या गालात हसते. मी तशी हसणारी बाई नाही आणि मला नातूही नाही, पण यंत्र घेतलं. घेतल्यापासूनच त्याची खोड अशी, की कोणी जवळ येऊन बोलायला लागलं की शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं. लांबून मोटार गेली तर ती मात्र व्यवस्थित ऐकू यायची. दुकानदार म्हणाला, कंपनीला कळवा. कंपनीत तक्रार घेतात ती फक्त फोनवर. ऐकू येत नाही ही तक्रार फोनवर! मी भाच्याला बसवलं, तर पलीकडची मुलगी त्याला म्हणाली की ग्राहकाने स्वतः बोलायला हवं. त्याने फोन माझ्या हातात दिला. मी "यंत्र बिघडलंय, यंत्र बिघडलंय" असं ओरडले आणि फोन परत त्याच्याकडे दिला. ती म्हणत होती म्हणे, जरा हळू बोला.

शेवटी त्यांचं पत्र आलं. यंत्रात काहीही दोष नाही, वापरणाऱ्या व्यक्तीला ते कानात नीट बसवता येत नाही. माझं डोकंच फिरलं. जिने सारा जन्म कापडाच्या कारखान्यात मागावरच्या धोट्याच्या बारीक डोळ्यातून सूत ओवलं, तिला म्हणे कानात बोटाएवढी वस्तू बसवता येत नाही! भाचा म्हणाला, मावशी, छोट्या दाव्यांचं कोर्ट असतं, तिथे वकीलही लागत नाही. त्याला वाटलं असेल मी नुसतीच चरफडेन आणि गप्प बसेन. मी दुसऱ्याच दिवशी दावा लावून आले.

यंत्र मला कोणाकोणाला ऐकायला हवं होतं असं नाही. बहुतेक माणसं ऐकण्यासारखं काही बोलत नाहीत. मला ऐकायचं होतं लवंगीला.

लवंगी कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर होती. अंगाने काडी आणि बोलण्यात तिखट, म्हणून लवंगी. खरं नाव हजेरीच्या वेळी मुकादम वाचायचा तेवढंच. आमच्या खात्यात मागांचा आवाज असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळायचं नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, शब्द तोंडाने मोठे करून दाखवायचे, वर थोडे हात. नवी मुलगी आली की महिन्याभरात शिकायची. माझं लग्न मोडलं ते मी पहिल्यांदा लवंगीला सांगितलं, दोन मागांच्या मधल्या जागेतून, धोटा पळत असताना. तिने काम न थांबवता नवऱ्याला अशी काही शिवी हासडली की मी रडता रडता हसले. सुट्टी झाल्यावर बाहेर रस्त्यावरही आम्ही तशाच बोलायचो, सवयीने. लोकांना वाटायचं दोघी मुक्या आहेत. पुढे कान गेले तरी आम्हाला काही अडलं नाही. कारखाना बंद झाला, आणि ती दुपारची माझ्याकडे यायला लागली. खिडकीसमोरची खुर्ची तिची, तोंडावर उजेड पडावा म्हणून.

मग एक दिवस तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं. खालचा ओठ लोंबतो, वरचा हलत नाही. ती माझ्याकडे बघून बोलायची आणि मला त्यातलं काहीसुद्धा वाचता यायचं नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तिचा आवाज मी कधी धड ऐकला नव्हता, गरजच पडली नव्हती. आता तेवढाच उरला होता.

मुलगा आणि सून दिवसभर कामावर, म्हणून तिला शुश्रूषागृहात ठेवलं. मी दर गुरुवारी जायचे. तिचा हात हातात घेऊन बसायचे, माझ्याकडच्या गोष्टी ओठांनी सांगायचे. ती बघायची आणि मग बोलायला लागायची, बरंच बोलायची. मी मान हलवायचे. नर्सला विचारलं, काय म्हणते ती? तर तिच्या तोंडावर कायम मास्क. लिहून द्या म्हटलं, तर घाईघाईने कागदावर 'सगळं ठीक आहे' एवढं खरडून पुढच्या खाटेकडे गेली. तिला तरी काय बोलणार, एकटी बिचारी एवढ्या खाटांना पुरी पडते.

तर पहिल्या सुनावणीत मी जिंकले. कंपनीने एक अधिकारी पाठवला होता. तो खाली मान घालून कागद वाचत होता, त्यामुळे त्याचं टक्कल तेवढं मला दिसत होतं. न्यायाधीशांच्या मिशा ओठांवरून खाली आलेल्या. दोघांचं बोलणं मला काय कळणार, कपाळ! पण यंत्राने ऐन वेळी शिट्टी मारली आणि काम झालं. मला निकाल लिहून दाखवला: कंपनीने नवं, चालू यंत्र द्यावं. मी तिथून थेट शुश्रूषागृहात गेले आणि लवंगीला सांगितलं, जिंकले बाई, थोडे दिवस थांब, मग तू बोल आणि मी ऐकते. तिने माझा हात घट्ट धरला. मला फार आनंद झाला होता.

नवं यंत्र आलं नाही, अपिलाचे कागद आले. भाचा माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने ते वाचत होता. वाचता वाचता त्याने मान वर केली. तो माझ्याशी बोलताना नेहमी तोंड समोर ठेवतो, त्याच्या आईनेच शिकवलंय.

"मावशी, तू यंत्र पाण्यात पाडलंस?"

"कोण म्हणतं?"

"तू."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"इथे लिहिलंय. 'यंत्र पाण्यात पडले होते काय, असे विचारता वादीने मान हलवली.' वादी म्हणजे तू. 'वापरण्याची पद्धत समजावून सांगितली होती काय, वादीने मान हलवली. घेतले तेव्हा यंत्र उत्तम चालत होते काय, वादीने मान हलवली.' सगळ्याला मान हलवलीयेस तू!"

मी कपाळाला हात लावला. त्याला कसं सांगू? मागखात्यात मान हलवायची म्हणजे होकार नव्हे. कोणी ओठांनी बोलायला लागलं की मान वरखाली हलवायची, म्हणजे त्याला कळतं की हिचं लक्ष आहे, दिसतंय हिला, बोल पुढे. हो म्हणायचं असेल तर हात वर करायचा. आमच्यात शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक होतं. बाहेर आल्यावर मान हलवायची सवय राहिली आणि हाताची गेली, कारण बाहेर कोणी एवढं विचारतच नाही.

"आता हे तू त्यांना सांग," भाचा म्हणाला.

अपिलाच्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. मी एकटी गेले. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, आणि दाराशी एक शिपाई, जो अधूनमधून बाहेर येऊन नावं पुकारायचा. आपलं नाव पुकारलेलं मला ऐकू येणार नाही, म्हणून मी त्याच्या तोंडावरून नजर हटवली नाही. पाणी प्यायला उठले नाही, बाथरूमला गेले नाही. शेजारी एक बाई येऊन बसली, माझ्याशी काहीतरी बोलली, मी तिच्याकडे बघितलं नाही म्हणून रागावून पलीकडे सरकली. बाकी सगळे दोघं-तिघं मिळून आलेले. एकमेकांच्या पिशव्या सांभाळत होते, जागा राखत होते. माझी पिशवी माझ्याच मांडीवर. तिथे बसून मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं फारच मोठं आहे आणि मी एकटीच आहे. रडूच आलं असतं, पण डोळ्यांत पाणी आलं तर शिपायाचं तोंड दिसणार नाही, म्हणून आवरलं.

आत न्यायाधीश एक बाई होत्या. चेहरा मोकळा, ओठ स्वच्छ दिसणारे. कंपनीने या वेळी वकील पाठवली होती, तिशीतली मुलगी, काळा कोट. मी मागखात्याची सगळी हकीकत सांगितली. वकील उठली, आणि एक गोष्ट मला नाकबूल करता येणार नाही, ती बोलताना माझ्याकडे तोंड वळवून, सावकाश बोलली.

"मान हलवणं म्हणजे जगभर होकारच असतो, मॅडम. उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझ्या मान हलवण्याचा अर्थ वेगळा होता."

न्यायाधीश बाईंनी टेबलावरची फाइल उचलली आणि तोंडापुढे धरली. मला वाटलं काहीतरी वाचताहेत. डोळे तेवढे वरून दिसत होते, माझ्यावर रोखलेले. मग त्यांनी फाइल खाली ठेवली.

"मी काय विचारलं, कळलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मी विचारलं, हा दावा तुम्ही आत्ताच्या आत्ता सोडून देता का? तुम्ही चांगली तीन वेळा मान हलवलीत."

सगळं कोर्ट हसलं. आवाज नाही आला, पण हसताना माणसांचे खांदे कसे हलतात ते मला पाठ आहे. वकीलसुद्धा हसली. बाई दयाळूपणे हसत होत्या, टाइप करणारा हसत होता. मी जिंकले होते, तिथल्या तिथे, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घरी जाताना दुकानात भाजी घेतली, दुकानदार पैसे परत देताना काहीतरी बोलला आणि माझी मान हलली. रस्त्यात शेजारीण भेटली, बोलली, मान हलली. इतकी वर्षं मी लोकांना कशाकशाला होकार देत आले होते कोण जाणे.

निकाल माझ्या बाजूने लागला आणि कंपनी त्याच्याही वरच्या कोर्टात गेली. भाच्याला स्फुरण चढलं. तो त्याच्या ऑफिसात माझी गोष्ट रंगवून सांगायचा म्हणे, आमची मावशी कंपनीला पाणी पाजतेय. मी मात्र त्या दिवसांत थकले होते. कोर्टाची तारीख नेमकी गुरुवारीच पडायची आणि लवंगीकडे जाणं हुकायचं. गेले की ती तशीच बोलत राहायची आणि मी तिचं वाकडं तोंड बघत बसायचे. कधी कधी बोलून झाल्यावर ती उत्तराची वाट बघायची. तेव्हा मला नजर दुसरीकडे वळवावीशी वाटायची.

थंडी सुरू झाली तेव्हा तिला दुसरा झटका आला. तिच्या सुनेचा मेसेज आला, डॉक्टर म्हणतात भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्या. त्याच आठवड्यात वरच्या कोर्टात हजर राहायचं होतं. गेले, तर त्या दिवशी पुढची तारीख मिळाली, बाकी काहीच झालं नाही. व्हरांड्यात कंपनीची वकील माझ्याजवळ येऊन बसली आणि नेहमीसारखी समोर तोंड करून बोलायला लागली.

"आजी, एक विचारू का? तुम्ही एवढं कशासाठी करताय?"

मी तिला लवंगीबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. भाच्यानेसुद्धा नाही. तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "तुम्ही इथेही जिंकाल बहुधा."

"मग?"

"मग याच्या वरचं कोर्ट आहे."

"आणि त्याच्या वर?"

"कंपनीला घाई नाही, आजी. एका यंत्राचं त्यांना काहीच नाही. तुमचा निकाल कायम राहिला तर उद्या सगळेच येतील, त्याची भीती आहे त्यांना." तिने पिशवीतून एक कागद काढला. "सही केलीत तर नवं यंत्र परवा तुमच्या हातात. मी स्वतः घेऊन येते. पण वाचून घ्या. यात लिहिलंय की जुन्यात दोष नव्हता, ते तुमच्या हातून पाण्यात पडलं होतं, आणि कोर्टात तुम्ही मान हलवली ती होकार म्हणूनच."

"पाण्यात पडलं असं कशाला?"

"त्यांना तसंच हवंय."

मी मोठी मानी बाई आहे. मुकादमाने माझ्या कापडात नसलेला डाग दाखवला तेव्हा मी माग बंद करून सगळं खातं गोळा केलं होतं. नवऱ्याने माफी मागितली असती तरी मी परत गेले नसते. त्या कागदावर मी सही केली. खोटं लिहिलेल्याच्या खाली स्वतःचं नाव घालायला मला अतिशय लाज वाटली. वकिलीणीने कागद लगेच पिशवीत टाकला, बहुतेक तिलाही तो बघवत नव्हता.

भाचा खवळला. "जिंकलेली केस घालवलीस! दोन दोन कोर्टांनी तुला खरं ठरवलं, आणि तू लिहून दिलंस की तू खोटारडी आहेस? मला निदान विचारायचंस तरी."

"मला खरं ठरून काय करायचंय रे," मी म्हणाले. "मला तिच्याशी बोलायचंय."

तो रुसून निघून गेला. पुढे कितीतरी दिवस फिरकला नाही.

वकिलीण शब्दाला जागली. यंत्र आणून दिलं, स्वतःच्या हाताने माझ्या कानात बसवलं, आणि म्हणाली, "येतंय का ऐकू?" तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, जरा बसका होता, सर्दी झाल्यासारखा. शिट्टी नाही, खरखर नाही. मी तिला चहालासुद्धा थांबवलं नाही, चपला घातल्या आणि निघाले.

शुश्रूषागृहाच्या जिन्यात माझाच श्वास मला ऐकू येत होता. औषधांच्या गाड्याची चाकं, कुठेतरी नळ, चपलांची फटफट, नर्सचा आवाज. मास्कमागून ती म्हणाली, "आलात? आज बऱ्या आहेत, बोलताहेत." हे इतकं सोपं होतं.

लवंगी उशीला टेकून बसली होती. मी खुर्ची जवळ ओढली, तिचा हात घेतला. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला. काडीसारख्या बाईचा आवाज इतका भारदस्त असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शब्द जड होते, ओले होते, पण शब्द होते, एकन् एक कळत होता.

"आलात का तुम्ही?"

लवंगीने मला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. मला वाटलं चेष्टा करतेय.

"आले गं," मी म्हणाले.

"सांगितलंत का तिला?"

"कुणाला?"

"परत विसरलात." तिने थोडा दम घेतला. "शेजारच्या मागावरची. मागच्या वेळीही म्हटलं तुम्हाला, त्याच्या आधीही. तिला म्हणावं, मी इथे आहे. तिला कोणी कळवलं नसणार. कळलं असतं तर धावत आली असती. ती अशी राहणारी नाही."

"अगं, मीच ती! लवंगे, मी आलेय ना, बघ." मी तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. आवाज बंद केला आणि ओठांनी बोलायला लागले, खात्यात बोलायचो तशी, शब्द मोठे मोठे करून. मी, मी आहे, ओळख ना.

तिने शांतपणे बघितलं. मग माझ्या हातावर थोपटलं, परक्या माणसाची समजूत घालावी तसं.

"तुम्ही नव्हे हो. तुम्ही चांगल्या आहात. न चुकता येता, बसता, माझं सगळं ऐकून घेता. इथे दुसरं कोण येतंय? पण ती वेगळी. दांडगी आहे, भांडकुदळ, केस कमरेपर्यंत. तिच्याशी बोलायचं राहिलंय माझं."

"काय बोलायचं राहिलंय?"

"ते तिला सांगेन. तुम्हाला कसं सांगू?"

यंत्र चोख चालत होतं. एक अक्षरही निसटलं नाही.

"एवढं कराल ना?" ती म्हणाली. "सांगाल ना तिला?"

"सांगते," मी म्हणाले. "आजच सांगते."